तेरावा क्रमांक : दत्तू भोकनळकडून काय शिकावे?



गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर एका पालकांची चिठ्ठी आली. मजकूर थोडक्यात असा होता : आमच्या चिरंजीवांना यापुढे धावण्याच्या सरावातून मोकळे करावे. आंतरशालेय स्पर्धेत त्याचा नववा क्रमांक आला आहे. नवव्या क्रमांकाचा उपयोग काय? तोच वेळ गणिताच्या क्लासला देता येईल.

चिठ्ठी रागाने लिहिलेली नव्हती, काळजीने लिहिलेली होती. म्हणून मलाही लगेच उत्तर सुचले नाही. पहिल्याला कप मिळतो, दुसऱ्या-तिसऱ्याला पदक मिळते. नवव्याला काय मिळते? प्रश्न खरा आहे, आणि तो एका घरापुरता नाही. या अंकात मी तुम्हाला नवव्याही नव्हे, तेराव्या आलेल्या एका मराठी खेळाडूची ओळख करून देणार आहे. त्याचे नाव दत्तू बबन भोकनळ.

सातवीच्या वर्गात मी विचारले, "२०१६ साली रिओ ऑलिंपिकला गेलेल्या खेळाडूंपैकी कोणाची नावे सांगता येतील?" पी. व्ही. सिंधूसाठी सगळे हात वर झाले. ते योग्यच आहे. ती आपल्या हैदराबादची, आणि रिओहून रौप्यपदक घेऊन आली तेव्हा तिची मिरवणूक पाहायला सारे शहर रस्त्यावर उतरले होते. दत्तू भोकनळचे नाव घेतल्यावर मात्र दोनच हात वर आले, तेही अर्धवट.

कोरडवाहू गावचा मुलगा

आपल्यापैकी पुष्कळ घरांतील मंडळी मनमाडकडे जाणाऱ्या अजिंठा एक्सप्रेसने प्रवास करतात. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नातेवाईक असतात, किंवा शिर्डीला जायचे असते. त्या गाडीने शेवटपर्यंत गेलो की मनमाड येते. तिथून पंचवीसेक किलोमीटरवर मुंबई-आग्रा रस्त्यावर चांदवड आहे. रेणुकादेवीचे देऊळ आणि अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल यांमुळे चांदवड प्रसिद्ध आहे. याच चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचे गाव आहे. नाशिक जिल्हा म्हटला की आपल्याला द्राक्षे आणि गोदावरी आठवते, पण जिल्ह्याचा हा भाग पाण्यासाठी तरसणारा आहे. उन्हाळ्यात विहिरी आटतात आणि टँकरची वाट पाहावी लागते.

या गावात ५ एप्रिल १९९१ रोजी दत्तूचा जन्म झाला. वडील विहिरी खोदण्याचे काम करीत. दत्तूही शाळकरी वयापासून त्यांच्याबरोबर कामावर जाऊ लागला. दिवसभर खडक फोडायचा, आणि पाणी लागेलच याची खात्री नाही. २०११ साली वडील गेले. दत्तू मोठा मुलगा, त्यामुळे घराचा भार त्याच्यावर आला. पेट्रोल पंपावर काम करून त्याने काही काळ घर चालवले. २०१२ साली तो सैन्यात भरती झाला, बॉम्बे सॅपर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये. त्याचे केंद्र पुण्याजवळ खडकीला आहे.

तोपर्यंत नौकानयन हा खेळ त्याच्या आयुष्यात कुठेही नव्हता. सैन्यातील प्रशिक्षकांनी त्याची उंची आणि अंगातील ताकद पाहिली आणि त्याला नावेत बसवले. सुरुवातीला पाण्याची भीतीच वाटत असे, असे त्याने सांगितले आहे. त्यात नवल काय? ज्याने लहानपणी पाणी फक्त विहिरीच्या तळाशी पाहिले, त्याला तलावाच्या मधोमध बसवल्यावर भीती वाटणारच. पुढे पुण्याच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमधील आर्मी रोइंग नोड या केंद्रात त्याचा नियमित सराव सुरू झाला.

हा खेळ नेमका काय आहे?

माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तिकडे या खेळाला 'नौकायन' आणि वल्ह्याला 'चप्पू' म्हणतात. मराठीत नौकानयन आणि वल्हे. आपल्या तेलुगू शेजाऱ्यांना विचाराल तर ते वल्ह्याला 'तेड्डु' म्हणतील. शब्द कोणताही घ्या, खेळ समजून घेणे महत्त्वाचे.

ऑलिंपिकमध्ये नौकानयनाची शर्यत २००० मीटरची असते. एका वेळी सहा नावा शेजारशेजारच्या सरळ मार्गांतून जातात. काही प्रकारांत प्रत्येक खेळाडूच्या हातात एकच लांब वल्हे असते, तर काहींत प्रत्येक हातात एक अशी दोन वल्ही असतात. दोन वल्ह्यांच्या प्रकाराला स्कल्स म्हणतात. नावेत एकटाच खेळाडू असेल तर सिंगल स्कल्स, दोघे असतील तर डबल, चौघे असतील तर क्वाड्रुपल. सिंगल स्कल्सची नाव सुमारे ८ मीटर लांब असते, पण वजन किमान १४ किलो, म्हणजे तुमच्यापैकी काहींच्या दप्तराच्या दुप्पट! इतकी लांब, अरुंद आणि हलकी नाव जरा तोल गेला तरी उलटते.

पाहणाऱ्याला वाटते की हा हातांचा खेळ आहे. पण नावेतील बैठक रुळांवर मागे-पुढे सरकते. पाय एका पट्टीला पक्के बांधलेले असतात. खेळाडू गुडघे दुमडून पुढे येतो, वल्ही पाण्यात घालतो आणि पायांनी जोर लावून स्वतःला मागे रेटतो. म्हणजे सर्वांत मोठे काम पायांचे, त्यानंतर पाठीचे आणि शेवटी हातांचे. पुन्हा वल्ही बाहेर, पुन्हा पुढे. एका शर्यतीत हे दोनशेहून अधिक वेळा करावे लागते, आणि सुमारे सात मिनिटे मध्ये विश्रांती नाही.

आणखी एक गंमत आहे. नाव पुढे जाते, पण खेळाडूचे तोंड मागे असते. शेवटची रेषा त्याला दिसत नाही. किती अंतर कापून झाले तेवढेच दिसते, आणि जे मागे पडले ते दिसतात.

चार वर्षांत रिओ

सैन्यात भरती झाल्यानंतर तीनच वर्षांनी, २०१५ मध्ये, बीजिंग येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत दत्तूने सिंगल स्कल्समध्ये रौप्यपदक मिळवले. एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथे ऑलिंपिकची पात्रता स्पर्धा झाली. तिथेही तो दुसरा आला आणि रिओचे तिकीट मिळाले. रिओला गेलेला तो भारताचा एकमेव नौकानयनपटू होता.

त्याच सुमारास त्याची आई एका अपघातानंतर अंथरुणाला खिळलेली होती. डोक्याला मार लागल्यामुळे मुलगा ऑलिंपिकला निघाला आहे हे समजण्याच्या स्थितीत ती नव्हती. मुलांनो, तुमचा चांगला निकाल लागला की तुम्ही आधी घरी पळता. दत्तूला ती बातमी अशा घरी सांगावी लागली. तरी तो सरावाला परत गेला.

रिओमध्ये त्याच्या चार शर्यती झाल्या. पहिल्या फेरीत तो आपल्या गटात तिसरा आला (७ मिनिटे २१.६७ सेकंद) आणि थेट उपउपांत्य फेरीत पोहोचला. तिथे पहिले तिघे पुढे जाणार होते. दत्तू चौथा आला (६ मिनिटे ५९.८९ सेकंद). एका जागेने पदकाचा रस्ता बंद झाला.

इथे नीट लक्ष द्या. बहुतेक खेळांत हरलेला खेळाडू घरी जातो. नौकानयनात तसे नसते. पदकाच्या शर्यतीतून बाहेर पडलेल्यांच्याही शर्यती होतात, कारण प्रत्येकाचा क्रमांक निश्चित करायचा असतो. 'अ' अंतिम शर्यतीतून १ ते ६ क्रमांक ठरतात, 'ब' मधून ७ ते १२, 'क' मधून १३ ते १८. अशा शर्यतीसाठी मन तयार करणे फार अवघड असते. पदक मिळणार नाही, टीव्हीवर दिसणार नाही, आणि अंगातले सारे बळ मात्र तितकेच लावायचे.

दत्तू पुढच्या शर्यतीत दुसरा आला आणि 'क' अंतिम शर्यतीत गेला. ती शर्यत त्याने जिंकली. वेळ ६ मिनिटे ५४.९६ सेकंद, म्हणजे त्याच्या चार शर्यतींतील सर्वांत चांगली. ३२ खेळाडूंत त्याचा क्रमांक तेरावा लागला.

आता तुलना करून पाहू. त्या स्पर्धेत सुवर्णपदक न्यूझीलंडच्या माहे ड्रायस्डेलला मिळाले. त्याची वेळ होती ६ मिनिटे ४१.३४ सेकंद. रौप्यपदक मिळवणाऱ्या क्रोएशियाच्या दामिर मार्टिनची वेळही ६ मिनिटे ४१.३४ सेकंदच होती! छायाचित्र पाहून निकाल द्यावा लागला. दत्तूची वेळ यांच्यापेक्षा साडेतेरा सेकंदांनी जास्त होती. वारा आणि पाणी दर शर्यतीला बदलते, म्हणून दोन वेगळ्या शर्यतींच्या वेळांची अगदी काटेकोर तुलना करता येत नाही. तरीही अंदाज येतो. चार वर्षांपूर्वी ज्याने वल्हे हातात धरले नव्हते, तो जगातील सर्वोत्तमांपासून इतक्या अंतरावर येऊन पोहोचला होता.

लोकप्रियता कुठे उगवते?

रिओच्या दिवसांत मराठी वर्तमानपत्रांनी दत्तूबद्दल भरभरून लिहिले. दुष्काळी गावचा मुलगा पाण्यावरच्या खेळात, ही गोष्ट कोणालाही आवडणारी आहे. पण ऑलिंपिक संपले आणि ते लिहिणेही ओसरले. असे का होते?

उत्तरासाठी थोडे लांब, युरोपात जाऊ. स्लोव्हेनिया नावाचा छोटा देश आहे. लोकसंख्या एकवीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या हैदराबाद शहराच्या एक-तृतीयांशही नाही. १९९१ मध्ये हा देश युगोस्लाव्हियातून वेगळा झाला. पुढच्याच वर्षी, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये, या नव्या देशाला पहिली पदके मिळाली ती नौकानयनात. त्यांतील एका नावेत इझतोक चोप हा वीस वर्षांचा खेळाडू होता. २००० साली सिडनीत चोप आणि लुका श्पिक यांनी डबल स्कल्समध्ये सुवर्णपदक जिंकले. त्याच दिवशी त्यांच्या एका नेमबाजानेही सुवर्णपदक मिळवले. स्वतंत्र स्लोव्हेनियाची ही पहिली दोन ऑलिंपिक सुवर्णपदके. चोप-श्पिक जोडीने २००४ मध्ये अथेन्सला रौप्य आणि २०१२ मध्ये लंडनला कांस्यपदक मिळवले. त्यानंतर चोप निवृत्त झाला. एकूण सहा ऑलिंपिक आणि चार पदके!

पण चोपच्या गोष्टीत आणखी एक भाग आहे. १९९६ साली अटलांटात तो सिंगल स्कल्समध्ये उतरला. आदल्या वर्षीचा तो जगज्जेता होता. पदक मिळाले नाही, चौथा क्रमांक आला. २००८ मध्ये बीजिंगला तो आणि श्पिक सहावे आले. म्हणजे वीस वर्षांच्या काळात दोनदा रिकाम्या हाताने परतावे लागले, आणि दोन्ही वेळा पुढच्या ऑलिंपिकला तो पुन्हा नावेत होता.

त्या देशात नौकानयनपटूला मान आहे याचे कारण फक्त पदके नाहीत. तिथे ब्लेड नावाचे सुंदर सरोवर आहे. १९६६, १९७९, १९८९ आणि २०११ साली तिथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाल्या. काठावर उभे राहून लोक हा खेळ पाहत आले आहेत. ज्यांना खेळ कळतो, त्यांना चौथ्या क्रमांकाचीही किंमत कळते. आपल्याकडे क्रिकेटमध्ये ९९ वर बाद झालेल्या फलंदाजासाठी आपण हळहळतो, कारण त्या ९९ धावा कशा झाल्या ते आपण पाहिलेले असते. दत्तूच्या तळेगावात ना सरोवर होते, ना काठावरचे प्रेक्षक. त्याचा खेळ समजणारेच थोडे होते.

आणि आपल्याकडे? टँक बंडवरून आपण रोज जातो. हुसेनसागर १५६२ च्या सुमारास बांधला गेला. याच पाण्यावर २००५ साली आशियाई नौकानयन अजिंक्यपद स्पर्धा झाली होती. आपल्यापैकी किती जण ती पाहायला गेले? मीही गेलो नव्हतो. बुद्धमूर्ती पाहायला पाहुण्यांना घेऊन किती वेळा गेलो, त्याची मोजदाद नाही.

ताप, सुवर्णपदक आणि बंदी

रिओनंतर दत्तूची गोष्ट संपली नाही. २०१८ ची आशियाई क्रीडा स्पर्धा इंडोनेशियात झाली. नौकानयनाच्या शर्यती पालेमबांग शहरात होत्या. २३ ऑगस्टला सिंगल स्कल्सच्या अंतिम शर्यतीत दत्तू सहावा, म्हणजे शेवटचा आला. तो तापाने आजारी होता. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, तो चौघांच्या नावेत बसला. स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग हे त्याचे साथी. या चौघांनी ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत शर्यत जिंकली आणि भारताला सुवर्णपदक मिळाले. आशियाई स्पर्धांच्या इतिहासात नौकानयनात भारताचे हे दुसरेच सुवर्ण. पहिले २०१० साली ग्वांगझूला बजरंगलाल ताखरने मिळवले होते.

काल शेवटचा, आज पहिला. चोवीस तासांत माणूस बदलला का? नाही. काल त्याला एकट्याने नाव ओढायची होती, आज चौघांची लय जुळली होती.

पण सगळे गोडच झाले असे नाही. सिंगल स्कल्सची शर्यत मध्येच सोडली असे म्हणून २०१९ मध्ये भारतीय नौकानयन फेडरेशनने दत्तूवर दोन वर्षांची बंदी घातली. जानेवारी २०२० मध्ये ती उठवण्यात आली, आणि त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. पदक, बंदी आणि पुरस्कार हे सारे दोन वर्षांच्या आत. लोकांच्या टाळ्यांवर किंवा बोलण्यावर आपली किंमत ठरवायची नसते, ती का, हे यावरून समजते.

त्याच्यानंतर काय झाले तेही पाहा. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग हे दोघे लाइटवेट डबल स्कल्समध्ये अकरावे आले. २०२३ मध्ये हांगझूच्या आशियाई स्पर्धेत भारताने नौकानयनात दोन रौप्य आणि तीन कांस्य अशी पाच पदके मिळवली. तेरानंतर अकरा. पुढचा खेळाडू कुठून सुरुवात करतो, हे आधीचा खेळाडू कुठवर पोहोचला त्यावर पुष्कळ अवलंबून असते.

त्या चिठ्ठीचे उत्तर

आता सुरुवातीच्या चिठ्ठीकडे येतो. उत्तर लिहिण्यापूर्वी मी आमच्या क्रीडा शिक्षकांकडून नोंदवही मागवली. त्या मुलाचा गेल्या वर्षीचा क्रमांक पाहिला. तो सव्विसावा होता. सव्विसावरून नववा! हे ना त्याच्या घरी कोणी पाहिले होते, ना मी. पहिल्या तिघांची नावे फलकावर लिहून आम्ही वही बंद केली होती. चूक पालकांची जेवढी, तेवढीच शाळेची.

मी त्यांना एवढेच लिहिले : "नववा हा आकडा एकटा वाचू नये, त्याच्या आधीचा आकडाही वाचावा. गणितही महत्त्वाचे आहे, यात शंका नाही. सरावाची वेळ सकाळी लवकरची करून देतो, क्लास बुडणार नाही. एक वर्ष द्या, मग पुन्हा बोलू." त्यांचे उत्तर यायचे आहे. मुलगा मात्र सध्या सरावाला येतो आहे.

यापुढे आपल्या शाळेच्या फलकावर पहिल्या तिघांबरोबर आणखी एक यादी लागेल. गेल्या वर्षीपेक्षा ज्यांनी सर्वांत अधिक प्रगती केली, त्यांची. खेळातही आणि अभ्यासातही. पालकांना विनंती आहे की प्रगतिपुस्तक हाती आल्यावर शेजारच्या मुलाचे गुण विचारण्याआधी आपल्याच मुलाचे मागचे प्रगतिपुस्तक काढून पाहावे.

आणि मुलांनो, तुमचा क्रमांक कितवाही येवो, 'क' अंतिम शर्यतीसुद्धा मन लावून करा.

स्वाध्याय

१. दत्तूने रिओत २००० मीटर अंतर ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत कापले. दर सेकंदाला सरासरी किती मीटर? हाच वेग ताशी किलोमीटरमध्ये किती होईल?

२. २०१८ च्या चौघांच्या नावेची वेळ या वेळेपेक्षा किती सेकंदांनी कमी आहे? चौघांची नाव एकट्याच्या नावेपेक्षा जलद का जाते, याची दोन कारणे लिहा.

३. नकाशात मनमाड, चांदवड, पुणे, रिओ, चुंगजू, पालेमबांग आणि ब्लेड शोधा.

४. नाव, वल्हे, काठ, प्रवाह या शब्दांना तेलुगू, हिंदी आणि उर्दूत काय म्हणतात? घरी व शेजारी विचारून तक्ता करा.

५. तुमच्या घरातील किंवा गल्लीतील अशा एका व्यक्तीबद्दल दहा ओळी लिहा, जिला पदक मिळाले नाही पण जिने मोठे अंतर कापले आहे.

पाचव्या प्रश्नाची उत्तरे माझ्याकडे आणून द्या. चांगली उत्तरे पुढच्या अंकात छापू.